बॉनेटला हात लावू नकोस

वहिनी: नवी गाडी देतायत म्हणजे? तीच?

वकीलबाई: त्याच मॉडेलची. रंग तुम्ही निवडायचा, असं लिहिलंय. तीन रंग दिलेत.

वहिनी: अहो, पण इंजिन?

वकीलबाई: इंजिन एकाच प्रकारचं येतं. सोबत पाण्याची बाटली अडकवायची जाळी भेट.

वहिनी: जाळी! ऐकलंत ना भावजी? तुमच्या दादाचे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले आणि हे जाळी देतायत. बाटली धरायला हात कुठून आणायचे, तेही विचारा म्हणावं.

मिस्त्री: हं.

वहिनी: हं काय? गाड्यांमधलं कळतं म्हणून तुम्हाला आणलं सोबत. आल्यापासून मांडीवर डबा धरून बसलाय, पहिलीतल्या पोरासारखे. ठेवा की तो खाली.

मिस्त्री: असू दे. हलकाय.

वकीलबाई: त्यांच्याकडे येऊ आपण. आधी पत्र संपवते. "सदर गाडी ही कंपनीची सहानुभूती समजावी, कबुली समजू नये." खाली सहीची जागा. सही केलीत की या आगीबद्दल कुठंही, कुणाशीही बोलायचं नाही. हा तुमच्यापुढचा पहिला मार्ग. सगळ्यात सोपा. शुक्रवारपर्यंत उत्तर हवंय त्यांना.

वहिनी: कुणाशीही म्हणजे घरातसुद्धा?

वकीलबाई: शब्दशः घेतलं तर घरातसुद्धा.

वहिनी: मग आम्ही नवराबायकोनं बोलायचं काय? दोन महिने घरात दुसरा विषय नाही. बरं, दुसरा मार्ग सांगा.

वकीलबाई: दुसरा, ग्राहक न्यायालय. गाडी सदोष होती, त्या दोषामुळं इजा झाली. गाडीची किंमत, उपचारांचा खर्च आणि यजमानांचं शिंपीकाम बंद पडल्याची भरपाई मागायची. तिसरा, सरकारच्या वाहन खात्याकडे तक्रार. दोष सगळ्या गाड्यांत आहे असं दिसलं, तर खातं कंपनीला त्या परत बोलवायला लावतं. दोन्ही एकत्रही करता येतात. पण दोन्हींसाठी एक गोष्ट सिद्ध व्हायला हवी. दोष तुमच्या एका गाडीत नव्हता, मुळात त्या इंजिनातच आहे.

वहिनी: आहेच की! गाडी सिग्नलला उभी. ना वेग, ना धक्का. आधी धूर, मग ज्वाळा. लेकीला ओढून बाहेर काढलं यांनी, आणि मग गेले बॉनेट उघडायला. गाडी वाचवायला. नव्या गाडीवर जीव फार ना.

वकीलबाई: तेही कंपनीनं लिहिलंय. पुस्तिकेत छापलंय म्हणे, धूर दिसल्यास बॉनेट उघडू नये.

वहिनी: वा! गाडी पेटेल हे छापलंय का कुठं?

वकीलबाई: नाही. ते छापलं असतं तर खटला सोपा झाला असता. आता त्यांचा मुख्य मुद्दा ऐका. आपल्या गावात या मॉडेलच्या चौतीस गाड्या विकल्या गेल्या. तीन वर्षांत त्यातल्या तेहतिसांना काहीही झालेलं नाही. साधा धूरही नाही. फक्त एकच पेटली. आणि ज्या एका घरातली पेटली, त्या घरात सख्खा भाऊ गॅरेज चालवतो. तेव्हा, मी वाचते, "बाहेरच्या हाताची ढवळाढवळ हेच आगीचे कारण दिसते."

वहिनी: म्हणजे भावजींनी लावली आग?

वकीलबाई: थोडक्यात, हो.

वहिनी: चोर सोडून संन्याशाला फाशी! वकीलबाई, भावजींवर दुसरा कुठलाही आळ घ्या, मी ऐकून घेईन. वेळेवर जेवत नाहीत, तिरसट आहेत, पुतणीच्या वाढदिवसाला येऊन दारातून परत जातात. पण त्या गाडीला यांनी बोटसुद्धा लावलेलं नाही. मी साक्षीला उभी राहते.

वकीलबाई: कुटुंबाच्या साक्षीला वजन कमी असतं. मिस्त्री, मी त्यांच्या वकिलासारखं विचारते. तुम्ही त्या गाडीला कधी हात लावलात?

मिस्त्री: नाही.

वकीलबाई: सख्ख्या भावाची गाडी. गॅरेज हाकेच्या अंतरावर. एकदाही नाही?

मिस्त्री: हवासुद्धा भरली नाही.

वकीलबाई: का?

मिस्त्री: दादानं सांगितलं होतं.

वकीलबाई: काय सांगितलं होतं?

वहिनी: मी सांगते, ते नाही सांगायचे. शोरूममधून गाडी आणली तो दिवस. गल्लीतले सगळे जमलेले, हे नवा शर्ट घालून किल्ली फिरवतायत. आमच्या घराण्यातली पहिली कोरी गाडी, त्यांचे पाय जमिनीवर नव्हते. भावजी कामातून तसेच आले, हात ऑइलचे. आल्या आल्या बॉनेटच्या खटक्याकडे गेले. आणि हे सगळ्यांसमोर म्हणाले, "बॉनेटला हात लावू नकोस. वॉरंटी जाईल. ही तुझ्या खटाऱ्यांतली नाही." लोक हसले. म्हणजे वाईट नव्हते हसले हो, पण हसले.

मिस्त्री: हसले एवढं खरं.

वहिनी: तेव्हापासून हे आमच्या दारातली गाडी दिसली की पलीकडच्या बाजूनं जातात. थोरल्याचं ऐकावं तर असं!

वकीलबाई: ठीक. म्हणजे हीच एक गाडी तुम्ही पाहिली नाही. मग बाकीच्या तेहतीस?

मिस्त्री: बाकीच्या काय?

वकीलबाई: त्या कुठं दुरुस्तीला जातात?

मिस्त्री: गावात गॅरेज दोन. एक ट्रकवाल्याचं. दुसरं माझं. कंपनीचं सेंटर गाडी आठ आठ दिवस ठेवून घेतं. येतात लोक.

वकीलबाई: किती येतात?

मिस्त्री: येतात.

वकीलबाई: मिस्त्री, एकाच मॉडेलच्या चौतीस गाड्या. तुम्ही पाहिलेल्या ठणठणीत. कंपनीच्या सेंटरनं पाहिलेली पेटली. मला गाड्यांमधलं काही कळत नाही, पण हे उलटं नाही का वाटत?

वहिनी: भावजी?

वकीलबाई: त्या डब्यात काय आहे?

मिस्त्री: काही नाही. क्लिपा.

वकीलबाई: ताकाला जाऊन भांडं का लपवताय? दाखवायलाच आणला असणार ना डबा.

मिस्त्री: आणला खरा. बसमध्ये वाटलं, उगाच आणला.

(डबा टेबलावर उपडा होतो. दोऱ्यानं चिठ्ठ्या बांधलेल्या काळ्या प्लास्टिकच्या क्लिपांचा ढीग. प्रत्येक चिठ्ठीवर एका गाडीचा नंबर.)

वहिनी: अगं बाई! हे काय?

मिस्त्री: तेहतीस आहेत. मोजून घ्या.

वकीलबाई: आधी हे काय आहे ते सांगा. मला समजेल असं.

मिस्त्री: सोपंय. पेट्रोलची नळी इंजिनाशेजारून जाते. ती जागेवर धरायला ही क्लिप. लोखंडाची पाहिजे, यांनी प्लास्टिकची दिली. इंजिन तापलं की ही मऊ पडते. हे बघा, वाकलीय ना? सगळ्या एकाच जागी वाकल्यात. मग नळी सरकते आणि तापल्या लोखंडावर घासत बसते. वर्ष लागेल, दोन लागतील. कधीतरी भोक पडणारच.

वकीलबाई: आणि तुम्ही?

मिस्त्री: पहिल्या गाडीतच दिसलं. डॉक्टरीणबाईंची होती, वायपर बदलायला आलेली. मी सवयीनं बॉनेट उघडलं. क्लिप काढली, लोखंडी बसवली, आतून रबर लावलं. दोन स्क्रूंचं काम. मग दुसरी आली, तिलाही बसवली. मग जी येईल तिला.

वकीलबाई: मालकांना सांगितलंत?

मिस्त्री: नाही.

वकीलबाई: एकालाही?

मिस्त्री: सांगितलं असतं तर घाबरून सेंटरला धावले असते. सेंटर म्हणालं असतं, गॅरेजवाल्याचं ऐकता? वर वॉरंटी गेली म्हणून मलाच शिव्या. त्यापेक्षा गुपचूप बसवायची आणि सोडायचं. बिलातही लावली नाही.

वहिनी: मग या जुन्या कशाला सांभाळल्या?

मिस्त्री: काढलेला पार्ट गिऱ्हाइकाचा असतो, वहिनी. आमच्यात तो परत द्यायची रीत आहे. सांगितलंच नाही तर देणार कसा? आणि टाकणार तरी कसा? दुसऱ्याची वस्तू. म्हणून नंबर बांधून ठेवल्या. कधी कुणी मागितली तर.

वकीलबाई: मिस्त्री, तेहतीस वर्षं वकिली केली तरी असा पुरावा पाहायला मिळत नाही. हा नंबर कुणाचा? हा दोनदा अधोरेखित केलाय.

मिस्त्री: तो सेंटरच्या मॅनेजरचा.

वकीलबाई: कुठल्या सेंटरच्या?

मिस्त्री: कंपनीच्याच. रविवारी आला होता. त्याच्याच सेंटरला गाडी आठ दिवस ठेवतात, त्याला घाई होती.

वहिनी: ज्यानं आमच्या पावत्या लिहिल्या तो?

वकीलबाई: कुठल्या पावत्या?

वहिनी: तीनदा नेली होती यांनी गाडी सेंटरला. पेट्रोलचा वास येतो म्हणून. थांबा, पिशवीत आहेत. ही घ्या. वाचा, काय लिहिलंय ते.

वकीलबाई: "वास येत नाही. ग्राहकास समजावले." दुसऱ्यांदाही "ग्राहकास समजावले." तिसऱ्यांदा नुसतं "समजावले." हे आधी का नाही दिलंत मला?

वहिनी: मला वाटलं, त्यात तर लिहिलंय की वास येत नाही. आपल्याच विरुद्ध जाईल.

वकीलबाई: बाई, तुम्ही दोघं पुरावे लपवण्यात कंपनीच्या पुढे आहात. पण चौतीसपैकी तेहतीस, मिस्त्री? एकही सुटली नाही?

मिस्त्री: चार येत नव्हत्या. त्यांच्यासाठी शिबिर लावलं.

वकीलबाई: कसलं शिबिर?

मिस्त्री: मोफत हवा-पाणी तपासणी. एक दिवस. कागद छापून दुकानादुकानांत लावले. फुकट म्हटल्यावर आल्या चारही. एकाची तर हवा बरोबर होती, तरी आला.

वहिनी: तो कागद आमच्या दुकानाच्या दारावरही होता. मीच चिकटवला होता.

मिस्त्री: तुमच्याकडे मी मुद्दाम दोन पाठवले होते.

वकीलबाई: कळलं. आता मी तुम्हाला दोन गोष्टी सांगणार आहे, एक गोड, एक कडू. गोड अशी की तुम्ही साक्ष दिलीत तर दोष सगळ्या गाड्यांत आहे हे सिद्ध होतं. कंपनीनं स्वतःच लिहून दिलंय की तेहतीस गाड्यांना काही झालं नाही. का झालं नाही ते या टेबलावर पडलंय. बाकी गावांत अशा हजारो गाड्या आहेत, आणि तिथं तुमच्यासारखा आगाऊ मिस्त्री नाही. त्या परत बोलावल्या जातील.

मिस्त्री: आणि कडू?

वकीलबाई: मालकाला न विचारता, परवानगी नसताना तुम्ही पेट्रोलच्या नळीचं काम बदललंत. तेहतीसदा. गॅरेजचा परवाना जाऊ शकतो. तेहतीस जणांची वॉरंटी गेली असं कंपनी म्हणेल, मग ते तुमच्या दारात येतील. ज्यांना तुम्ही वाचवलंत तेच आधी येतील. तुम्ही नाही म्हणालात तर मी जोर करणार नाही.

वहिनी: थांबा. परवान्याचं नंतर. मला एक कळू द्या. तेहतीस परक्यांच्या गाड्या, भावजी. चौघांसाठी शिबिर भरवलंत. मॅनेजरलाही सोडलं नाहीत. आणि दादाची?

मिस्त्री: त्यानं सांगितलं होतं, हात लावू नकोस.

वहिनी: हे काय उत्तर झालं?

वकीलबाई: उलटतपासणीत पहिला प्रश्न हाच येणार आहे. हेच उत्तर दिलंत तर न्यायाधीश समोरच्या बाजूला झुकतील.

वहिनी: न्यायाधीश झुकोत नाहीतर पडोत! मी विचारतेय. माझी लेक होती मागच्या सीटवर. नऊ वर्षांची. तोंडानं सांगायला कुणी मनाई केली होती? "दादा, क्लिप खराब आहे." चार शब्द. मला सांगितलं असतंत तरी चाललं असतं. मूग गिळून बसलात दोन वर्षं! आणि आता आम्हाला डबा दाखवताय.

मिस्त्री: वहिनी...

वहिनी: नाही, बोला. आज ऐकूनच उठणार मी.

मिस्त्री: रोज सकाळी गाडी गॅरेजवरून जायची. मान वर न करता मला कळायचं, दादा गेला. रोज वाटायचं, आज काच खाली करेल. "अरे, जरा बघ रे" म्हणेल. एवढंच म्हणायचं होतं त्यानं. दोन स्क्रू, वहिनी. खिशात क्लिप घेऊन फिरायचो मी. त्याच्यासाठी वेगळी केलेली, तिला पितळी स्क्रू लावलेले.

वहिनी: आणि मग?

मिस्त्री: शेवटच्या आठवड्यात वास आला. रस्त्यावरून. मी पाना टाकला आणि रस्त्यापर्यंत गेलो. हात वर केला. त्यानं बघितलं मला. आणि काच वर केली.

वकीलबाई: मग तुम्ही?

मिस्त्री: मी म्हटलं, जा मग.

वकीलबाई: मोठ्यानं?

मिस्त्री: मनात. पण म्हटलं. आठ दिवसांनी सिग्नलला... ते "जा मग" माझ्या कानातून जात नाही हो. हॉस्पिटलात त्याच्या खोलीपाशी तीनदा गेलो. आत काय तोंड घेऊन जाऊ?

वकीलबाई: पाणी घ्या. बाई, तुम्हीही घ्या.

वहिनी: मी होते.

वकीलबाई: कुठं?

वहिनी: गाडीत. यांच्या शेजारी. काच वर केली तेव्हा.

मिस्त्री: उन्हामुळं दिसलं नाही मला, शेजारी कोण ते.

वहिनी: मी म्हटलं, "अहो, भावजी हात करतायत, थांबवा." हे म्हणाले, "वास आलाय त्याला. आता म्हणेल, तेव्हाच मला बघू दिलं असतंस तर. गल्लीत मीच बोललो होतो ना त्याला, आता कुठल्या तोंडानं थांबू? उद्या जाईन त्याच्याकडे." मी म्हटलं, बरं, उद्या. आपलेच दात, आपलेच ओठ, मध्ये कशाला पडा. मी काच खाली केली असती, तर? बटण माझ्याही बाजूला होतं.

मिस्त्री: उद्या येणार होता?

वहिनी: आठ दिवस रोज उद्या म्हणत होते.

मिस्त्री: माझ्याकडे?

वहिनी: नाही तर कुणाकडे? सेंटरनं तीन वेळा समजावून झालं होतं त्यांना. तुम्ही दोघं भाऊ म्हणजे ना, एकाला तोंड नाही आणि दुसऱ्याला मान खाली घालता येत नाही. देवानं दोघांत मिळून एक माणूस केला असता तर माझं घर सुखात असतं.

वकीलबाई: हे काहीही न्यायालयात बोलायचं नाही. म्हणजे, बोलायचं, पण या क्रमानं नाही. मी लिहून देईन. मिस्त्री, निर्णय तुमचा. शुक्रवारपर्यंत वेळ आहे.

मिस्त्री: शुक्रवार कशाला? लिहा. नाव, गॅरेजचा पत्ता, सगळं लिहा. नंबर मी सांगतो, डॉक्टरीणबाईंपासून.

वकीलबाई: परवाना जाईल, मी सांगितलंय.

मिस्त्री: ट्रकवाल्याकडे पाना धरीन. तो ओरडतो फार, पण वाईट नाही. आणि तेहतीस जणांना मीच सांगणार, तुमची नोटीस जायच्या आधी. प्रत्येकाला त्याची क्लिप हातात देऊन. भांडतील ते भांडतील.

वकीलबाई: क्लिपा आता पुरावा आहेत. माझ्या कपाटात राहतील. पावती देते.

मिस्त्री: मग सगळ्यांना पावती दाखवीन.

वकीलबाई: आणि बाई, तुमचं? कंपनीला काय कळवू? गाडी घेताय?

वहिनी: कळवा की जाळी आवडली, बाकी सगळं परत घ्या.

वकीलबाई: असं लिहिता येत नाही.

वहिनी: मग तुमच्या भाषेत लिहा. पण अर्थ हाच ठेवा.

वकीलबाई: इथं सही करा, मिस्त्री. प्रत्येक पानावर. आणि त्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर नीट ठरवून ठेवा. भावाची गाडी का राहिली? पाठ केल्यासारखं वाटता कामा नये.

मिस्त्री: पाठ करायला नको. दोन महिने तेच म्हणतोय. फक्त आधी कोर्टासमोर म्हणायचं, हे बरोबर वाटत नाही.

वकीलबाई: मग कुणासमोर?

वहिनी: किती वाजले? बाई गं, एक वाजून गेला! सह्या झाल्या का? उठा भावजी. लेक शाळेत आहे, हे एकटेच ताटासमोर बसले असतील.

मिस्त्री: मी नंतर येतो. संध्याकाळी. हात धुऊन, कपडे बदलून.

वहिनी: संध्याकाळी नाही आणि उद्या तर नाहीच. त्यांना अजून हातानं जेवता येत नाही, मी भरवते. आज तुम्ही भरवा. आणि घास लहान घ्या, मोठा झाला की चिडतात.